बोटांना सापडेल असं

जिन्यात कुणीतरी वरून धावत आलं, माझ्यावर आदळलं, आणि माझं वाचनयंत्र खडखडत चार पायऱ्या खाली गेलं.

"सॉरी! बॅटरी बाहेर आलीये..."

"येऊ दे. निघते म्हणून तर दुसरी घालता येते. द्या इकडे."

मी चाचपून बॅटरी बसवली, बटण दाबलं. खट्ट! धडा सोडला होता तिथूनच यंत्र मोठ्यानं वाचू लागलं.

"वाचलात," मी म्हटलं. "मला दिसत नाही. शाळेत इतिहास शिकवते, तो सगळा यावरच वाचून."

"वाचलो खरा. पण इतकं गोड रागावतं का कुणी?"

मी हसू दाबलं... आणि दाबलेलं त्याला दिसलं असणार.

त्याच इमारतीतल्या एका कंपनीनं मला नवं वाचनयंत्र तपासायला बोलावलं होतं. तिथल्या साहेबांनी ते हातात दिलं. पातळ, हलकं – आणि नुसती काच. बोटं फिरवली, एकही बटण नाही.

"कसं वाटलं?"

जिन्यातलाच आवाज!

"यानंच बनवलंय," साहेब म्हणाले. "दोन वर्षं खपलाय. तुम्ही हो म्हणा, की लगेच कारखान्यात."

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," मी म्हटलं. "एका हातात काठी असते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला बटण लागायला हवं. काचेवर काय शोधू? आणि चुकून बोट लागलं, की पानच हरवणार."

एक खुर्ची करकरली. दार लागलं. तो निघून गेला होता.

पुढचे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होते – एका धक्क्यापायी कुणी इतकं झुरतं का?

मग एका रविवारी ताईनं हाक मारली, "अगं, दारात कुणी उभा आहे. तोंड असं, जणू निकाल लागायचाय."

तो आत आला. एक ठोकळा माझ्या तळव्यावर ठेवला. मधल्या बटणावर उंचवटा. 'पुढे' त्रिकोणी, 'मागे' गोल. आवाजाला दातेरी चाक.

"त्या दिवशी राग आला होता," तो म्हणाला. "तुमचा नाही... माझाच. दोन वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारत फिरलो. साहेबांशी भांडलो. ते म्हणाले, बनव."

"मग माझ्याकडे इतक्या उशिरा?"

"इथे यायची भीती वाटत होती. तुम्ही नाही म्हणालात तर..."

"यंत्राला?"

"नाही," त्याचा आवाज अडखळला. "मला."

स्वयंपाकघरात ताईची भांडी एकदम गप्प झाली.

मी ठोकळा बाजूला ठेवला. त्याचा हात चाचपावा लागला नाही. कुठे आहे ते मला ठाऊक होतं. सरळ धरला.

"तुम्ही नको," मी म्हटलं. "तू म्हण."