कॅलमस नदीच्या काठावरची बाई

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः त्या टाकीत बसले होते.

आणि रात्र नव्हती. जुलैतली भर दुपार होती. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली कॅलमस नदी, आणि ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा.

मी कोरीन. माझा भाऊ व्हर्लिन आणि मी पाहुण्यांना नदीतून फिरवतो. नावेतून नाही. गुरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी गोल टाकी, आत कडेकडेने बाकडं. ती पाण्यात सोडायची आणि वाहत जायचं. हरणं बघत, कासवं बघत. टाकी गोल, त्यामुळे ती सतत स्वतःभोवती फिरत राहते. आत्ता डावा काठ समोर, थोड्या वेळाने उजवा.

त्या दिवशी ओमाहा शहरातल्या दोघी बहिणी आल्या होत्या, आर्डिथ आणि नोला. दोघीही सत्तरीच्या पुढच्या.

"गुरांची टाकी? मग नोला अगदी घरच्यासारखी बसेल," आर्डिथबाई म्हणाल्या.

"तू मध्ये बस बाई. तुझ्या वजनाने कलली तर मला पोहता येत नाही," नोलाबाई.

मी हसत होते. खंड्या पक्षी ओरडत होता. पाणी खळखळत होतं.

मोठं वळण आलं आणि...

खंड्या गप्प झाला.

डाव्या काठावर, गवतात, एक बाई उभी होती. अंगात जाड लोकरी कोट. घोट्यापर्यंत लांब. डोक्याला शाल गुंडाळलेली.

जुलैमध्ये.

"एवढ्या उन्हात कोट? वेडी आहे का ती?" नोलाबाई पुटपुटल्या.

टाकी फिरली. काठ नजरेआड गेला.

पुन्हा फिरली...

बाई पाण्याच्या कडेला आली होती. आम्ही बरेच पुढे वाहत आलो होतो. तरी ती समोरच होती. तिला चालताना मी पाहिलं नव्हतं.

मी वल्हं वाळूत रोवलं. टाकी थांबेना. फिरतच राहिली.

पुढच्या फेरीला बाई गुडघाभर पाण्यात होती. तिच्या खांद्यांवर काहीतरी पांढरं होतं.

बर्फ.

तो वितळत नव्हता.

"कोरीन, लवकर ने गं आम्हाला," नोलाबाईंनी टाकीची कड दोन्ही हातांनी धरली. मी जीव खाऊन वल्हं मारत होते. पाणी उडत होतं... पण त्याचा आवाज येत नव्हता.

टाकी पुन्हा फिरली.

काठ रिकामा. पाणी रिकामं.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात टाकी एका बाजूला कलली. आर्डिथबाईंच्या शेजारची जागा. तिथे कुणीच नव्हतं.

माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

आर्डिथबाई मात्र घाबरल्या नव्हत्या. त्या जरा सरकल्या. मांडीवरचा टॉवेल उचलून त्यांनी त्या रिकाम्या जागेवर पांघरला.

टॉवेल खाली पडला नाही.

"किती गारठलीय बिचारी," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी हात पुढे केला.

"आर्डिथ! हात मागे घे!" नोलाबाई ओरडल्या. त्यांनी बहिणीचा दंड धरून ओढला. मीही ओढलं. हात हलेना. बोटं कशावर तरी घट्ट मिटलेली होती. आर्डिथबाई रडत होत्या, पण सोडत नव्हत्या.

तशीच वाहत टाकी उतरायच्या धक्क्यापाशी आली. तिथे व्हर्लिन ट्रक घेऊन उभा होता. टाकी वाळूला लागली आणि हात एकदम सुटला. टॉवेल बाकावर पडला. कडक. लाकडासारखा.

खंड्या पुन्हा ओरडायला लागला.

व्हर्लिन हसत पुढे आला. आर्डिथबाईंचा हात बघितला आणि त्याचं हसू गेलं. बोटं पांढरी पडली होती. शेंडे काळे.

दवाखान्यातला डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. "कुठल्या शीतगृहात काम करता का? मग हा हिमदंश झाला कसा?" पुढे दोन बोटं काढावी लागली.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या दवाखान्यातल्या खोलीत गेले. आर्डिथबाई शांत होत्या.

"कोरीन, तिने हात का सोडला माहीत आहे? उतरताना ती माझ्याशी बोलली. तुझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. ऐकशील?"

मी मान हलवली. नाही. दार उघडलं आणि तशीच बाहेर पडले.

नंतर नोलाबाईंना विचारलं. त्यांना बहिणीने काहीच सांगितलं नव्हतं.

यंदा मार्चमध्ये आर्डिथबाई गेल्या. झोपेतच.

मी अजून नदीवर जाते. धंदा आहे, करावाच लागतो. मोठं वळण आलं की पाहुण्यांना उजव्या काठावरची हरणं दाखवते. तिथे हरणं नसतात.

डावीकडे मी बघत नाही.

पण टाकी फिरतेच...