धीरधर

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या बर्फखाणीच्या नियंत्रणकक्षात एक पिवळा दिवा उघडझाप करत होता. चार किलोमीटरवरच्या वायुकक्षात, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या दारांमधल्या खोलीत, अडकलेला मुकुंद आतल्या दाराचं बटण दाबतोय, एवढाच त्याचा अर्थ. त्याची बायको शर्वाणी दिव्यावर डोळे लावून उभी होती. मुकुंदच्या पोशाखात हवा उरली होती वीस मिनिटांची. त्याच्याकडे निघालेल्या चंद्रगाडीला पाऊण तास लागणार होता आणि रेडिओने तर सकाळीच मान टाकली होती.

“इथून उघड ना ते दार, अन्वर!”

कुलपांचं काम बघणारा अन्वर मुजावर कपाळाला हात लावून बसला होता. “ते कुलूप आपलं ऐकत नाही, वहिनी. आत काय चाललंय ते आतल्यालाच कळतं, म्हणून त्याच्या हाकेशिवाय उघडत नाही. तो दाबतोय. दिवा थेट तारेवर आहे म्हणून आपल्याला दिसतंय. पण हाक मधेच कुठंतरी अडतेय.”

त्याने कुलपाच्या चिपमधला कोड पडद्यावर आणला. शर्वाणीने तो वाचला. त्यातला एक तुकडा तिनेच लिहिलेला होता.

तेरा वर्षांपूर्वी सांगलीच्या भाड्याच्या घरात ती जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होती. हात बसावा म्हणून तिने बारीकसारीक कामांच्या फंक्शनांची, म्हणजे कुठल्याही प्रोग्राममध्ये जोडता येतील अशा कोडच्या तुकड्यांची, एक लायब्ररी केली. यादीतली दुबार नावं काढणारं एक, तारीख मराठीत मांडणारं एक, अशी अकरा. नाव ठेवलं ‘किडूकमिडूक’. अकरावं मुकुंदवर बेतलेलं. हा गृहस्थ जन्माचा उतावळा; दार उघडेपर्यंत बेल बडवत राहायचा. तिने बेल कॉम्प्युटरला जोडली आणि ‘धीरधर’ लिहिलं. कितीही वेळा दाबा, प्रत्येक दाबणं आधीचं पुसून टाकणार. दाबणं थांबून तीन सेकंद शांतता गेली की मगच बेल वाजणार, तीही एकदाच. मुकुंद दारात बोंबलायचा आणि ती आत पोट धरून हसायची. पुढे तिने ती लायब्ररी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि विसरून गेली.

“म्हणजे तो थांबला तरच हाक जाणार?” तिने हे सांगितल्यावर अन्वरने विचारलं.

“हो. तीन सेकंद.”

“इथं वीस ठेवलेत. चुकून हात लागला तर रद्द करायला वेळ मिळावा म्हणून.”

“मग चाचणीत कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“चाचणीत सगळ्यांनी एकदाच दाबलं, वहिनी. तिथं कुणाचा जीव जात नव्हता.”

“बदल ते!”

“चिपवर कायमचं कोरलंय.”

दिवा लागला. नऊ सेकंदांनी पुन्हा लागला. शर्वाणी मधले सेकंद मोजू लागली, आणि हाकाही. मदतीसाठी तो जितका तडफडत होता, तितकं दार घट्ट होत होतं, आणि हे त्याला सांगायची काही सोय नव्हती. एकदा ती एकोणिसापर्यंत पोहोचली. दिवा लागला. “थांब ना रे!” ती दिव्याच्या काचेवर हात आपटून ओरडली. जन्मभर ज्याला धीर धर म्हणून टोकलं, त्याला आज ते दोन शब्द पोचवता येत नव्हते.

“आठवेल त्याला,” अन्वर म्हणाला. “त्या बेलची गोष्ट तो सगळ्यांना सांगतो.”

हवा चार मिनिटांची उरली असताना दिवा विझला. दहा. पंधरा. वीस. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आतलं दार उघडलं. एकूण हाका: एक.’ शर्वाणीने एकसष्ट मोजल्या होत्या.

दोघांपैकी कुणीच आनंदाने ओरडलं नाही. दारापलीकडच्या खोलीत भरपूर हवा होती, पण शिरस्त्राण मुकुंदला स्वतःच्या हाताने काढावं लागणार होतं. त्याला बेल आठवली होती, की दाबायचं त्राणच उरलं नव्हतं? विझलेला दिवा दोन्हींचा सारखाच.

त्या खोलीत फोन होता. शर्वाणी इकडच्या फोनसमोर हात जोडून बसली. चार मिनिटं गेली, मग सहा. या फोनला ‘धीरधर’ नव्हतं. तिकडून एकदा दाबलं असतं तरी तो वाजला असता.