अर्ध्यावर धरलेला क्लच

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून टायरवाले तात्या बाहेरच्या बाकावर पाय पसरून बसले होते. समोर जुन्या टायरांवर पोरं टेकलेली. एकाची नोकरी सुटलेली, एकानं कॉलेज सोडलेलं, तिसऱ्याला घरच्यांनीच सोडल्यात जमा. मोठ्यांना विचाराल तर सगळी ओवाळून टाकलेली. त्यांतला लंबू मामाची जुनी गाडी घेऊन आला होता आणि आत बसून उगाच क्लच दाबत होता. दाबला की कुंईऽऽ. उंदराच्या शेपटीवर पाय पडावा तसं.

"लेका, पाय काढ त्याच्यावरचा," तात्या म्हणाले.

"मग दोन थेंब तेल सोडा ना."

"अंधार पडल्यावर मी क्लचला हात लावत नाही."

"का हो? क्लचची झोपमोड होते?"

पोरं खिदळली. तात्या हसले नाहीत. बिडी विझवून त्यांनी थोटूक कानामागे खोचलं.

"माझा साडू माहितीय ना, गिअरबॉक्सचा मेस्त्री? त्याला जाऊन विचारा. तुम्हाला नाही सांगणार तो, मला एकदाच सांगितलं. पण तोंड बघा त्याचं विचारल्यावर."

लंबू गाडीतून उतरून टायरावर येऊन बसला. तात्यांनी सांगितलं ते असं.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. थंडी नुकती पडायला लागलेली. मेस्त्री हात धुऊन घरी निघाला होता, तेवढ्यात नापाससाहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे लायसन्सची परीक्षा घेणारे. निवृत्त झालेले, पण सुंभ जळला तरी पीळ जळला नव्हता. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलेलं. गाडीला हिसका बसला, नापास. गिअर टाकताना नजर खाली गेली, नापास. लोक मागे नावं ठेवत आणि समोर हात जोडत. मेस्त्रीलाही त्यांनी एकदा परत पाठवलं होतं. "दुसऱ्यांच्या गाड्यांची पोटं फाडतोस आणि चालवायची अक्कल नाही," असं वर.

"क्लच कुरकुरतोय," साहेब फोनवर म्हणाले. "येऊन बंद करून जा. उद्या सकाळी पोरीला शिकवायला गाडी काढायचीय."

"साहेब, सकाळी लवकर येतो की."

"सकाळी शिकवायचंय म्हटलं ना मी?"

मेस्त्री गेला. हत्यारांची पिशवी, हातबत्ती, ग्रीसची नळी. घर दुमजली, बाजूला पत्र्याच्या छपराखाली गाडी, वर एकच दिवा. जमिनीवर पांढरी रेघ मारलेली होती आणि पुढचं चाक बरोब्बर तिच्यावर टेकलेलं. बोटभर पुढे नाही, बोटभर मागे नाही. मेस्त्री मनात म्हणाला, बायकोलाही हा माणूस रेघेवर उभी करत असणार. बायको नव्हती. ती केव्हाच वारली होती. घरात साहेब आणि नुकतीच अठराची झालेली मुलगी, एवढीच माणसं.

मेस्त्रीनं आत बसून क्लच दाबला. आवाज नाही. परत दाबला. काही नाही.

"साहेब, वाजत नाही हो."

"आत्ता नाही वाजणार. घरात निजानीज झाली की वाजतो."

"निजानीज झाल्यावर... चालवतं कोण?"

साहेबांनी बोट गाडीच्या खाली दाखवलं. "तू तुझं काम कर." आणि आत निघून गेले.

मेस्त्रीला दुखणं कुठलं ते ठाऊक होतं. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, आणि केबल एका लोखंडी फोर्कला ओढते. फोर्कचं एक टोक बाहेर असतं, दुसरं गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या बंद हाऊसिंगमध्ये, म्हणजे लोखंडी कवचात. आतलं टोक कोरडं पडलं की वाजतं. खरं म्हणजे गिअरबॉक्स उतरवून करायचं काम. पण गिऱ्हाईक घाईचं असलं की फटीवरची रबरी टोपी सरकवायची आणि आत नळीनं ग्रीस सोडायचं. त्याला दोन माणसं लागतात. एक खाली आडवा, एक वर सीटवर. खालचा सांगेल तसा वरच्यानं पाय हलवायचा. खालच्याला वरचा दिसत नाही. दिसायची गरजही नसते.

जॅक लावून, ठोकळे सरकवून मेस्त्री पाठीवर गाडीखाली शिरला आणि ओरडला, "पेडल दाबायला कुणीतरी या हो!"

जरा वेळानं गाडीचं दार उघडलं. सीट कुरकुरली. दार लागलं. साहेबांच्या वजनानं गाडी दबली असती, ही जेमतेम हलली. पोरगी आली म्हणायची.

"दाब."

कुंईऽऽ.

"हां, सापडलं. सोड. दाब परत. आता अर्ध्यावर आण... आणि धर तिथंच."

फोर्क अर्ध्यावर आला आणि थांबला. केसभर हलेना. मेस्त्रीला गंमत वाटली. अर्ध्यावर पाय धरणं सोपं नसतं. पोटरी थरथरते, भल्याभल्यांची थरथरते. त्यानं नळी फटीत सरकवून चांगलं दोन बोटं जाड ग्रीस आत सोडलं. वरचा पाय तसाच. दगडासारखा.

"वा! कुणी शिकवलं गं?"

नळी त्यानं बाहेर ओढली.

"दाब पूर्ण. सोड. दाब." आवाज गेला होता. लोण्यात सुरी जावी तसा फोर्क जात होता. "आता एकदाच अर्ध्यावर धर, बघू दे मला... शाब्बास. जमलं की तुला!"

वर सीट थरथरली. बारीक. कुणी तोंड दाबून हुंदका गिळावा तशी.

तेवढ्यात घराच्या दारातून पोरीचा आवाज आला.

"काका, हाक मारलीत का? आले हं. चप्पल सापडत नाहीये."

मेस्त्री खाली आडवा. हातबत्ती छातीवर. वरच्या खोलीत साहेब खोकले.

डोळ्यांसमोर फोर्क. अर्ध्यावर. धरलेला.

त्यानं "सोड" म्हटलं नव्हतं अजून. म्हणून कुणी सोडतही नव्हतं...

शेवटी पुटपुटला, "...सोड."

फोर्क मागे गेला. हळू. अगदी हळू. हिसका नाही.

"मग?" लंबूनं विचारलं. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग मेस्त्री बाहेर आला. सरपटत, कोपर सोलून. सीट रिकामी. दार लागलेलं. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्याचं तोंड बघून तिनं विचारलं, "बसला होता?"

"कोण?"

"दादा."

सांगताना तिचा आवाज कापला नाही. दादाला साहेबांनी वर्षभर शिकवलं होतं आणि वर्षभर नापास केलं होतं. इंजिन बंद ठेवून दादा रोज रात्री इथं बसून क्लच दाबायचा, सोडायचा. आवाज वर जायचा आणि साहेब खिडकीतून ओरडायचे, "चूक! परत!" मग एका संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर दादानं गाडी बंद पाडली. साहेब म्हणाले, "उतर. चालत ये घरी." दादा उतरला. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही.

"आणि साहेब?"

"बाबा घरी पोचले होते. जेवायला बसले होते."

जिन्यावर पावलं वाजली. साहेब आले, गाडीत बसून क्लच दाबला, कान दिला. आवाज नाही. "हं," म्हणाले. आभार मानायची रीत त्यांच्याकडे नव्हतीच. मग पोरीकडे बघून म्हणाले, "बस."

"उद्या म्हणाला होतात."

"आवाज गेलाय. उद्यापर्यंत कशाला थांबायचं? बस."

"बाबा, मला नाही शिकायचं तुमच्याकडून."

"तुझा भाऊ असंच म्हणायचा. बघितलंस ना काय झालं?"

पोरीनं मेस्त्रीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मेस्त्री खाली वाकून हत्यारं गोळा करायला लागला.

"काहीच बोलला नाही?" कॉलेज सोडलेल्यानं विचारलं.

"काय बोलणार? दुसऱ्याच्या घरचा मामला."

"तेच. मोठी माणसं ऐन वेळेला वाकून हत्यारं गोळा करतात. आणि नंतर आम्हाला गोष्ट सांगतात."

"मी नव्हतो तिथं."

"तुमच्यातलाच होता ना."

तात्यांनी कानामागचं थोटूक चाचपलं. पेटवलं नाही. मग पुढे बोलले.

मेस्त्रीनं ठोकळे काढले, जॅक उतरवला. पोरगी बसली. साहेब शेजारच्या सीटवर, मांडीवर हात, पाठ ताठ. परीक्षा घ्यायला बसायचे तसे.

"क्लच दाब."

तिनं पाय ठेवला. दाबला. पेडल खाली जाईना.

"दाब म्हणतो ना."

"जात नाहीये."

"नाटकं नकोत." साहेब खाली उतरले, तिला दंडाला धरून बाहेर काढलं, स्वतः बसले. दाबलं. हललं नाही. दोन्ही पाय ठेवून, स्टिअरिंगला धरून, उठून जोर दिला. जसं काही भिंतीला टेकू लावलाय. पाय सटकला. नडगी फुटली.

"मेस्त्री! काय करून ठेवलंस हे?"

मेस्त्रीनं नुसत्या हातानं दाबलं. गेलं. लोण्यासारखं.

पोरीनं दाबलं, साहेब बाहेर उभे असताना. गेलं.

साहेब शेजारी बसले. पेडल परत दगड.

पत्र्यावर थंडीनं टक्कन आवाज झाला, तेवढाच. साहेब पुढे वाकले. पेडलच्या दिशेनं. अंधारात. तोंड पांढरं पडलेलं. पण आवाज तोच. परीक्षेतला.

"सोड."

काही नाही...

"सोड म्हणतो ना मी!"

काही नाही.

जन्मभर ऐकत आलेल्या पोरानं त्या रात्री पहिल्यांदा बापाचं ऐकलं नाही. साहेबांना ते कळलं. मेस्त्री शपथेवर सांगतो, त्यांना कळलं. हात दाराच्या कडीवर गेला, बोटं कडीवरच राहिली. वाटलं, आता हा माणूस फुटेल. रडेल. पोरीच्या पायावर डोकं ठेवेल.

साहेब उतरले. रुमाल काढून नडगीवर बांधला. गाठ नीट मारली.

"गाडीच खराब आहे," म्हणाले. "विकून टाकू."

आणि विकली. आठवड्यानं गाडी मेस्त्रीच्या गॅरेजला आली. घेणाऱ्याला गिअरबॉक्स उघडून तपासून हवा होता. ओढून आणावी लागली, कारण त्या रात्रीपासून तिला कुणी हात लावला नव्हता आणि बॅटरी उतरली होती. दुपारची वेळ. बरोबर किल्ली घेऊन पोरगी आली. डोळ्यांखाली काळं, नखं खाल्लेली.

"नवी आलीसुद्धा," ती म्हणाली. "उद्यापासून शिकवणार आहेत."

"कुठली घेतली?"

"बिनक्लचची."

मेस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. "मी... मी बोलू का साहेबांशी?"

पोरीनं किल्ली टेबलावर ठेवली. "त्या रात्री बोलला असतात तर चाललं असतं, काका."

ती गेली. हाक मारावी असं मेस्त्रीला वाटलं. नाही मारली.

मग कामाला लागला. दुसरं काय येत होतं त्याला? बोल्ट काढले, गिअरबॉक्स उतरवला. बंद हाऊसिंग, चारी बाजूंनी लोखंड, नळीपुरती एक फट. बत्ती आत धरली.

फोर्कवर त्यानंच सोडलेलं ग्रीस होतं. दोन बोटं जाड. आणि त्या ग्रीसमध्ये मूठ उमटली होती. एका बाजूला चार बोटं. दुसऱ्या बाजूला अंगठा. आवळून धरलेली. इतकी आवळलेली, की बोटांखाली ग्रीस उरलंच नव्हतं. खाली उघडं लोखंड.

मेस्त्रीनं नकळत त्या जागेवर हात ठेवला.

गाडी आठवडाभर बंद होती. बाकी सगळं लोखंड गार होतं.

तेवढं कोमट होतं.