ठमाबाईची एकच हाक

अष्टमी गावात राहणाऱ्या सुशीलचा कॉम्प्युटर आठवडाभर कटकट करत होता. कटकट त्याची बायको दिपिकाही करायची, पण ही डब्याच्या आतून यायची, कोरडी. पेणला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या प्रणितनं फोनवरून ती ऐकली आणि म्हणाला, "हार्डडिस्क चाललीय तुझी. जे हवंय ते आजच फ्लॉपीवर घे."

सुशीलला हवं होतं एवढंसंच. कॉम्प्युटर नवा असताना माईक चालतो का बघायला त्यानं आईला, ठमाबाईला, पुढ्यात बसवलं होतं. "काय बोलू रं त्या डबड्याशी?" म्हणत तिनं नेहमीची जेवायची हाक मारली होती, ती भरून ठेवलेली फाईल तेवढी. वर्ष फिरलं नाही तोच ती गेली, आणि मग अपेक्षा जन्मली. नातीला आजी म्हणजे भिंतीवरचा फोटो. तिच्या कानाला आजीचा आवाज तरी राहावा, यात सुशीलचा सगळा जीव अडकला होता.

सुट्टीचा वार, टळटळीत दुपार. दिपिका स्वयंपाकघरात, अपेक्षा पडवीत भातुकली मांडून बसलेली. सुशीलनं फ्लॉपी घातली. जागा पुरत नाही, असं पडद्यावर आलं. फ्लॉपी तर कोरी होती. आपल्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीलाही बुरशी धरते, म्हणून त्यानं दुसरी घातली. पुन्हा तेच. मग त्यानं फाईलच तपासली. एका हाकेची फाईल, आणि ती अख्ख्या फ्लॉपीत मावत नव्हती!

"दिपिका, यात कुणी काय भरलंय काय गो?"

"मला ते चालू तरी करता येतंय काय?" आतून उत्तर आलं.

त्यानं फाईल लावली.

"सुशील... ए सुशील... अरं सुशील, जेवाला ये रं."

त्याचे डोळे भरून आले. तीन हाका. ठमाबाईचं बालपण वडखळकडच्या मिठागरात गेलेलं. बांधावर कुणाची हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा तिचा कायदा होता. जिवंत माणूस तीनदा हाक मारतं, दुसरं जे असतं ते एकदाच. पहिल्या हाकेला ओ दिली म्हणून सुशीलनं लहानपणी मार खाल्ला होता.

हाक संपली. आवाज इथेच थांबायचा. आज पडद्यावरची रेघ पुढे सरकत राहिली.

वारा ऐकू येऊ लागला. मग बांधाच्या तोंडातून पडणारं पाणी. सुशील गोंधळला. हाक तर याच खोलीत भरली होती, इथं खाडी कुठून आली? आपणच तेव्हा नीट ऐकलं नव्हतं का? खारट चिखलाचा वास आला. त्यानं खिडकीकडं पाहिलं, खिडकी बंद होती. चिखलातून अनवाणी पावलं जवळ येत होती... अगदी जवळ... आणि थांबली.

"अपेक्षा..."

आईचाच आवाज. पण हे नाव बारशाला ठेवलेलं, तिच्या माघारी! सुशील श्वास रोखून दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. आई, मार गो दुसरी. रेघ शेवटाला गेली. दुसरी हाक आली नाही.

पडवीतून लाडिक आवाज आला, "ओ!"

पोरीला त्यानं तो कायदा शिकवलाच नव्हता. पूल ओलांडला की बाजार, घरात कॉम्प्युटर. इथं कशाला लागतंय असलं, असं त्याला वाटलं होतं.

तो धावत बाहेर गेला. अपेक्षा पाठमोरी, भातुकलीत रमलेली. जीव भांड्यात पडला. परत येऊन बघतो तर फाईल एवढीशी झालेली. एका दमात फ्लॉपीवर उतरली. डिस्कची कटकटही थांबली होती. आनंद व्हायला हवा होता, पण हातातल्या फ्लॉपीचं काय करावं हेच त्याला सुचेना.

"ताटं वाढलीत," दिपिकानं सांगितलं. "पोरीला आण."

अपेक्षा उठेना. "मी जेवले. आजीनं भरवलं."

दिपिका हसली. "भातुकलीतला भात काय?"

सुशीलनं पोरीचं तोंड पुसायला हात पुढे केला. ओठांच्या कडेला पांढरं काहीतरी सुकलं होतं. त्यानं ते बोटानं जिभेला लावलं. मीठ.

"अजून काय म्हणाली आजी?" त्यानं हळूच विचारलं.

अपेक्षानं बाहुलीचे केस सारखे केले. "रातच्याला पन जेवाला ये गो, म्हनली. मी व्हय म्हटलं."