राजाचे नाल आणि चिमणीचे खूर

सूर्य मावळायच्या आत लशीची पेटी आमझरीला पोहोचवायची, एवढंच काम होतं. पण वाट बोरच्या जंगलातून जाणारी, मधे दोन नाले, शेवटी उभा दगडी घाट. आणि पेटीतला बर्फ काही कोणासाठी थांबणार नव्हता!

साल १९५७, ऑक्टोबर महिना. आमझरीच्या वस्तीवर गुरांना बुळकांडी लागली होती. हा रोग असा, की आज वैरण खाणारा बैल पुढच्या आठवड्यात दावणीला दिसत नाही. साठ-सत्तर गुरं अजून धडधाकट होती. त्यांना लस टोचली तर ती वाचणार होती. पण लस थंडाव्यातच टिकते. म्हणून लशीच्या कुप्या बर्फात ठेवून, भोवती लाकडाचा भुसा दाबून, ती पेटी वर्ध्याहून सकाळच्या मोटारीने हिंगणीला आली होती.

पेटीबरोबर आला होता प्रेमदास. गुरांच्या दवाखान्यात तो लस टोचायचं काम करी, आणि एकट्याच्या भरवशावरची ही त्याची पहिलीच मोहीम होती. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तो आईसोबत नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, तेव्हा त्याने आईला शब्द दिला होता, की हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणार नाही.

वाट दाखवायला होत्या हिंगणीच्या कुसुमबाई. वांगी-टमाटे पिकवून त्या आपल्या बुटक्या घोडीवरून बाजाराला नेत. घोडीचं नाव चिमणी. आमझरी त्यांचं माहेर. भाऊ नत्थू अजून तिथेच राहत होता.

तिसरे भैयाजी नालबंद, पेटी वाहायला घोडा घेऊन आदल्या दिवशीच वर्ध्याहून आलेले. वर्ध्याच्या टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा स्वतःचा घोडा राजा, उंच, चमकत्या अंगाचा. लांबच्या वाटेला निघताना घोड्याला नवे नाल ठोकायचे, ही त्यांच्या घरची रीत. आदल्या संध्याकाळीच राजाच्या चारही पायांना कोरे नाल बसले होते.

"तुमची घोडी उघड्या पायानंच येते का, बाई?" भैयाजींनी हसून विचारलं.

"तिची मायबी तशीच चालत होती," कुसुमबाई म्हणाल्या. "तिले कोणी सांगतलंच नाई, का पायाले लोखंड लागते म्हणून!"

पेटी अर्थातच राजाच्या पाठीवर चढली. चिमणीच्या वाट्याला भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची घागर आली.

पहिले दोन कोस मजेत गेले. सागाची रुंद पानं वाटेवर सावली धरून होती, कुठे कुठे मोर ओरडत होता, आणि गवत माणसाच्या छातीला लागत होतं. मग पहिला नाला आला. पाणी आटलं होतं, पण तळाशी काळ्या मातीचा चिखल होता, ताज्या लोण्यासारखा गच्च.

चिमणी छोटी पावलं टाकत पार झाली. राजा मधेच रुतला!

"हट! हट!" भैयाजींनी लगाम ओढला. राजाने जोर लावला. पाय सुटला, पण चिखलाने नालाला धरूनच ठेवलं. नाल अर्धा उचकटला, आणि खिळ्यांसोबत खुराच्या कडेचा एक टवका निघून आला.

भैयाजींनी काठावर येऊन नाल दगडाने ठोकून बसवला. प्रेमदासने पेटीला कान लावला. आत टपटप आवाज येत होता.

ऊन डोक्यावर आलं. दुसरा नाला खडकाचा होता. काळा, उतरता, पाण्याने शेकडो वर्षं घासून गुळगुळीत केलेला दगड, आणि त्यावरून वाहणारा बोटभर पाण्याचा पातळ पडदा. खाली खोल डोह.

चिमणी न घसरता पलीकडे गेली. मग राजाने पाय टाकला. लोखंड दगडावर घासलं. ठिणगी उडाली! दुसरा पाय घसरला. तिसरा घसरला. राजा धाडकन कुशीवर पडला!

पेटीचा दोर तुटला. पेटी सरकू लागली, सरळ डोहाकडे!

प्रेमदास पालथा पडून झेपावला. एका हातात खडकाची खाच, दुसऱ्या हातात पेटीची कडी. कोपर सोलून निघालं. "धरली!" तो ओरडला. "धरली वो, बाई!"

कुसुमबाईंनी त्याचे पाय धरून त्याला मागे ओढलं. राजा धडपडत कसाबसा पलीकडे गेला, पण आता त्याचा पुढचा पाय जमिनीला टेकेना.

भैयाजींनी तो पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने खुराची कड दाबून पाहिली.

"काय पाहून राह्यले, भैयाजी?" कुसुमबाईंनी विचारलं.

"चिमणीचा पाय दाखवा बरं."

कुसुमबाईंनी चिमणीचा खूर उचलून धरला. रुंद, गोल. तळव्याची मधली मऊ गादी जाड, रबरासारखी. राजाचा खूर मात्र टाचेकडे आवळून आला होता, आणि गादी वाळल्या सुपारीएवढी. कडेला जुन्या खिळ्यांच्या भोकांची चाळण, ती ठिसूळ होऊन भुगा पडत होता.

"प्रेमदास, तू शिकलेला माणूस. हे काय झालं, सांग."

प्रेमदासने कोपराचं रक्त पुसलं. "भैयाजी, खूर लाकडासारखा दिसते, पण तो जिवंत हाय. पाय टेकला का तो जरासा पसरते, उचलला का आखडते. त्या हालचालीनं पायातलं रक्त फिरते. लोखंडानं जखडलं, तर पसरणार कसं?"

"पण सडकेवर बिननालाचा खूर झिजून जाते ना, बावा!"

"जाते. म्हणून सडकेपुरता नाल ठीक हाय. पण मधे सुटी पाहिजे. याचे नाल कधी काढले होते?"

भैयाजींनी मान खाली घातली. "जुना काढला का त्याच दिवशी नवा. पाच वर्सं झाली. मले वाटे, मी याले जपून राह्यलो."

त्यांनी पिशवीतून पक्कड काढली. ज्या हातांनी काल खिळे ठोकले, त्याच हातांनी एकेक खिळा सरळ केला आणि उपसला. चार नाल गवतावर पडले. उघडे तळवे खड्यांवर हुळहुळतील म्हणून त्यांनी आपला चामड्याचा एप्रन फाडून राजाच्या चारही पायांना बांधला.

"पेटी चिमणीवर टाका," ते म्हणाले. "तुमी व्हा पुढं. मी याले हळूहळू आणतो. उभे काय राह्यले? बर्फ चालला न बाप्पा!"

घाट सुरू झाला. वाट जेमतेम दोन हात रुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. सुटे दगड पायाखालून निसटून खाली जात, आणि ते तळाशी पोहोचल्याचा आवाज फार उशिरा येई. चिमणी पाय टाकी, दगड चाचपडून पाही, हलला तर उचलून दुसरीकडे ठेवी. एकदा तिच्या मागच्या पायाखालची कडच ढासळली!

पेटी कलली. चिमणी थरथरली, पण तिच्या तीन पायांनी खडक सोडला नाही. एक क्षण... दोन क्षण... आणि तिने चौथा पाय वर घेतला!

"शाबास माह्या बाई!" कुसुमबाईंचा आवाज दरीत घुमला.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा आमझरीची कौलं दिसली. नत्थू धावत आला. पेटी उघडली. भुसा ओला झाला होता, बर्फाची लादी विरघळून गेली होती, पण कुप्यांच्या मधोमध लिंबाएवढा बर्फ शिल्लक होता! प्रेमदासने कुपीला हात लावला. गार! एकदम गार!

कंदिलाच्या उजेडात बैल धरले गेले, गायी धरल्या गेल्या, वासरं पळाली आणि पुन्हा धरली गेली. शेवटची सुई टोचून होते तोच वेशीवर घोडा खिंकाळला. चामड्याचे जोडे घातलेला राजा लंगडत, पण चारही पाय टेकवत, भैयाजींच्या मागून येत होता.

"वाचली का गुरं?" भैयाजींनी लांबूनच विचारलं.

"सगळीच्या सगळी टोचली!" प्रेमदास ओरडला, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

भैयाजींच्या खांद्यावरच्या पिशवीत लोखंड खणखणलं. नत्थूने आत डोकावून पाहिलं. "एक नाल मले द्या न, भैयाजी. दारावर ठोकतो. चांगलं असते म्हणतात."

"चारी घे," भैयाजी म्हणाले. "दारावर किती दिवस ठेवला तरी दाराचा पाय दुखत नाई."

वर्ध्याला परतल्यावर भैयाजींनी नाल ठोकणं सोडलं नाही. डांबरी सडक होतीच, टांगेही होते. पण दर वर्षी दोन महिने घोड्याचा पाय उघडा ठेवायला जो तयार नसेल, त्याचं काम त्यांनी घेतलं नाही. लोक आधी चिडले, मग ऐकू लागले.

पुढच्या ऑक्टोबरात प्रेमदास नव्या वासरांना लस टोचायला निघाला, तेव्हा तेच तिघं पुन्हा त्या घाटात होते. पेटी या वेळी राजाच्या पाठीवर होती. त्याची टाच रुंदावली होती, पायात लोखंड नव्हतं, आणि काळ्या ओल्या खडकावर तो एकदाही घसरला नाही. त्याच्या पुढे मात्र चिमणीच होती. वाट दाखवायचा मान तिने कोणालाच दिला नाही!