तांबूला थांबवतं कोण?

‘थांब’ म्हटलं की तांबू थांबतो. त्यात काय मोठं? पण त्या शनिवारी हेदूळच्या जंगलात त्याला कुणीच थांब म्हटलं नव्हतं, आणि तरीही तो धावता धावता गपकन खाली बसला.

मी ऐकलं होतं ना! ‘टीं’ असा बारीक, लांब आवाज. तांबूच्या गळ्यातल्या पट्ट्याचा. आबांनी रिमोटचं बटण दाबलं की पट्टा तसा वाजतो, आणि वाजला की तांबूने असेल तिथे बसायचं, असं त्याचं शिक्षण झालंय.

“आबा, कशाला दाबलंत बटण? किती छान वास काढत चालला होता तो!” मी कुरकुरले.

आबांनी दोन्ही हात वर केले. रिमोट त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत होता, चेन लावलेल्या कप्प्यात.

“मी नाही दाबलं, मनू. आणि वाजलं कुठे? मला तर काही ऐकू आलं नाही.”

“अहो, चांगलं मोठ्ठ्याने वाजलं!”

“काहीतरीच काय!” म्हणत आबांनी तांबूच्या कपाळावर हात ठेवला. म्हणजे ‘ऊठ आता’. तांबू उठला, पण पुढे जाईना. मान वाकडी करून तो झाडांमध्ये बघत राहिला. तिकडे कुणीच नव्हतं. आणि तेवढ्यात तिकडूनच पुन्हा आलं, ‘टीं’.

तांबू पुन्हा बसला. पट्टा माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या गळ्यात होता, आणि आवाज आला होता झाडांतून. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आबा शांतपणे चष्मा पुसत होते, कारण या खेपेलाही त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

आता आमची ओळख करून देते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) आहेत आणि जंगलाच्या कडेला एकटेच राहतात. मी मनवा, सहावीतली, सुट्टीत त्यांच्याकडे आलेली. आणि तांबू हा कारवानी कुत्रा. लांब पाय, आत गेलेलं पोट, टोकदार तोंड. जात अस्सल शिकारी. शिकार केव्हाच बंद झाली, पण या कुत्र्यांचं नाक थोडंच बंद झालंय? आता ती फासे शोधतात. चोरटे लोक जनावरं पकडायला झुडपांत तारेचे फासे लावून ठेवतात. त्या तारेला माणसाच्या हाताचा वास राहतो. तो वास काढत तांबू फाशापर्यंत पोचतो, आणि तो स्वतःच त्यात अडकू नये म्हणून त्याला लांबूनच थांबवावं लागतं. पट्टा लागतो तो एवढ्यासाठी.

तांबू वनखात्याचा होता, आबांकडे फक्त शिकायला आला होता. आणि हल्ली तो कुठेही, कधीही बसत होता. ही बातमी वनपाल म्हापणकर मॅडमच्या कानावर गेली, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“सर, लाडावलाय तो. सोमवारी झटक्याचा पट्टा घेऊन येते. त्यानेही जमलं नाही, तर त्याला या कामातून काढावं लागेल.”

झटका! माझ्या तांबूला! मला रडूच कोसळलं. आबांनी माझी समजूत वगैरे काही काढली नाही. ते तसे नाहीतच. त्यांनी कपाटातून पट्टे काढून टेबलावर मांडले.

“रडून झालं की निवड कर,” ते म्हणाले. “हा झटक्याचा. बटण दाबलं की मानेला वीज चावते. हा आवाजाचा, आपण वापरतो तो. आणि हा थरथरणारा, फोन खिशात थरथरतो ना, तसा. मला सांग, झटका बसला की कुत्रा काय शिकतो?”

“चुकीचं वागायचं नाही, हे.”

“त्याला कसं कळणार की चूक कोणती? झटका बसला त्या क्षणी जे समोर असेल, त्याचीच दुखण्याशी गाठ बसते. समोर फासा असेल तर फाशाशी. पण समोर तू असलीस तर?”

मी झटक्याचा पट्टा टेबलाच्या कडेला सरकवला.

“या गाठीला अभिसंधान म्हणतात (एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी मनात जोडल्या जाणं). ‘टीं’ वाजलं की बसायचं आणि बसलं की खाऊ, हीसुद्धा तशीच गाठ. म्हणून मी आवाज निवडला. रोज सकाळी घरामागच्या हेळ्याच्या (बेहड्याच्या) झाडाखाली सराव केला. उंच स्वर ठेवला, कुणाला त्रास नको म्हणून.”

“त्रास नको? कानात सुई गेल्यासारखा वाजतो तो, आबा!”

आबा माझ्याकडे बघतच राहिले.

रविवारी सकाळी त्यांनी पट्टा मुद्दाम घरी खुंटीला टांगला. “पट्टा घरी असतानाही तांबू बसला, तर आवाज पट्ट्याचा नाही हे नक्की होईल,” असं म्हणून त्यांनी ध्वनिमुद्रक (आवाज टिपणारं यंत्र) बरोबर घेतला. त्याच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटायचं. उंच स्वर वर, खालचा स्वर खाली.

आम्ही जंगलात शिरलो आणि दरीतून धुकं वर चढायला लागलं. आधी लांबची झाडं गेली, मग जवळची. तांबू पुढे होता. एवढ्यात ‘टीं’ ऐकू आलं. मी आबांचा हात घट्ट धरला. पडद्यावर वरच्या बाजूला एक रेघ उमटली होती.

“म्हणजे आवाज झाला,” आबा हळूच म्हणाले. “आणि मला आला नाही. मनू, वय झालं की कानातल्या बारीक पेशी झिजतात, आणि सगळ्यांत आधी उंच स्वर हरवतात. सरावात तांबू बसला की पट्टा वाजला, असंच मी धरून चालायचो. एवढं शिकवलं लोकांना, आणि स्वतःचा कान तपासायचं राहिलं बघ!”

मग त्यांनी शेजारी आमच्या पट्ट्याच्या आवाजाचं जुनं चित्र लावलं. ती रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. आजची रेघ सुरुवातीला किंचित खालून वर चढली होती, आणि शेवटाला थोडीशी हलली होती.

“यंत्राची रेघ अशी हलत नाही,” आबा म्हणाले. “हा आवाज घशातून आलाय.”

कुणाच्या घशातून? माझी तर पाचावर धारण बसली. धुक्यात उभं राहून कुणीतरी आमच्या पट्ट्याचा आवाज काढत होतं, आमच्या तांबूला थांबवत होतं. मी वळून तांबूला बघायला गेले, तर तांबू नव्हता.

“तांबूऽऽ!” मी ओरडले. तोंडात दोन बोटं घालून माझी नेहमीची शीळ घातली, शेवटी उडी घेणारी. पुन्हा घातली. उत्तर आलं नाही. येणार कसं? कुणीतरी त्याला ‘थांब’ म्हटलं होतं. कपाळाला हात लागेपर्यंत तो उठणार नव्हता. आणि कामावर असताना भुंकायचं नाही, हीसुद्धा आबांचीच शिकवण.

“या बाजूला बिबट्याची वाट आहे,” आबा म्हणाले. ते घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. “मनू, मला तो आवाज येत नाही. तुला येतो. तांबू त्याच्या आसपासच असणार. तू ने मला.”

म्हणजे ज्या आवाजापासून पळून जावंसं वाटत होतं, त्याच्याकडेच चालत जायचं! पण तांबू तिथे एकटा बसला होता. मी निघाले. ‘टीं’ आलं की त्या दिशेला वळायचं, थांबलं की थांबायचं. आबा माझा खांदा धरून मागून येत होते. मध्येच ते माझ्या कानाशी विचारायचे, “आला?” आणि मी मान हलवायचे. आवाज जवळ जवळ येत गेला.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीत तांबू बसलेला दिसला. जिवंत होता! अंग थरथर कापत होतं, डोळे वर फांदीकडे लागले होते, पण जागचा तसूभर हलला नव्हता. त्याच्याभोवती मातीत बिबट्याचे ताजे ठसे होते. एक पूर्ण फेरी मारून ते झुडपांत गेले होते. तांबूने हे सगळं बसून पाहिलं होतं, केवळ आज्ञा मोडायची नाही म्हणून.

मी धावत जाऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. तो मला चाटत सुटला.

“वर बघ,” आबा म्हणाले.

धुकं जरा विरळ झालं होतं. फांदीवर एक काळाभोर पक्षी बसला होता. शेपटीतून दोन लांब तारा लोंबत होत्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक पीस. त्याने चोच उघडली. ‘टीं!’

“भृंगराज!” आबा हसायलाच लागले. त्यांना दिसत होती फक्त उघडलेली चोच. “कोतवाल पक्ष्याचा हा मोठा भाऊ. जंगलातला सगळ्यांत पक्का नकलाकार! हेळ्याच्या झाडावर बसून लबाडाने आमची रोजची शिकवणी ऐकली की गं!”

परत येताना तांबूच्या मानेवरचा हात मी एकदाही काढला नाही. मध्येच मी आबांना विचारलं, “पण रिमोटला तर ओळखक्रमांक असतो ना? दुसऱ्या कुणाचा रिमोट आपला पट्टा वाजवू शकत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“बरोबर. रिमोटपासून पट्ट्यापर्यंत संदेश रेडिओलहरींनी जातो, ओळख सांगत जातो. तिथे चोरी नाही. पण पट्ट्यापासून तांबूच्या कानापर्यंतचा शेवटचा वीतभर रस्ता उघडा होता. तिथे नुसता आवाज होता. त्यात ‘हे मी पाठवलंय’ असं काही नव्हतं. ज्याला तो काढता आला, तो तांबूचा मालक झाला.”

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. कोणता पट्टा निवडायचा, तेसुद्धा.

सोमवारी म्हापणकर मॅडम आल्या. हातात झटक्याचा पट्टा होता. मी दारातच उभी राहिले.

“मॅडम, तांबू चुकत नव्हता. तो आज्ञा पाळत होता. तेव्हा झटका बसला असता, तर तो काय शिकला असता सांगा! आज्ञा पाळली की दुखतं, हेच ना?”

मॅडमनी आबांकडे पाहिलं. आबांनी पडद्यावर दोन्ही रेघा दाखवल्या, आणि फोनवर काढलेले ठशांचे फोटोही. मॅडमनी ठशांचा फोटो मोठा करून पाहिला. मग त्यांनी झटक्याचा पट्टा गुपचूप पिशवीत टाकला.

“थरथरणारा घ्या,” मी म्हटलं. “तो तांबूच्या कातडीलाच कळतो. पक्ष्याला ऐकू जात नाही, म्हणून नक्कलही करता येत नाही.”

“आणि चुकून झाडावर आपटून थरथरला तर?” मॅडमनी मुद्दाम विचारलं.

“मग आपण ठेका ठरवू. दोनदा थरथर, मध्ये थांबा, मग एकदा. झाड असं आपटत नाही!”

“ही पोरगी मला नोकरीवरून काढणार,” मॅडम हसून म्हणाल्या.

सुट्टीभर आम्ही नवी गाठ बसवली. आबांनी स्वतःसाठीही एक मनगटपट्टी केली आहे. उंच आवाज आला की ती थरथरते. “आता भृंगराज बोलला की मलाही कळतं,” असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगतात. त्यांना आता असं काहीतरी बनवायचंय, की ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांना सगळं जंगल मनगटावर कळेल. मला ते जमणार असं वाटतं, आणि मी मदतीला आहेच.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्या ओढ्यापाशी गेलो. धुकं होतंच. तांबू पुढे चालला होता, आणि झाडांतून शीळ आली. शेवटी उडी घेणारी. माझी शीळ! माझे दोन्ही हात खिशात होते.

आबांची मनगटपट्टी थरथरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू! तांबूने कान टवकारले आणि झाडांकडे बघितलं. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्याने मान वळवून मला बघितलं, विचारल्यासारखं.

मी रिमोट दाबला नाही. नुसती मान हलवली, नाही म्हणून. तांबू पुन्हा नाक जमिनीला लावून चालायला लागला.