उदयसिंहांचा काळा चाकू

दसऱ्याच्या सकाळी जे गिऱ्हाईक येतं ते एकतर फार अडलेलं असतं, नाहीतर फार चिडलेलं. उदयसिंह माने दोन्ही होते.

"चोर मला ठाऊक हाय," खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले. "तुमी फक्त पुरावा काढा, मॅडम."

सात रस्त्याजवळच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात खासगी तपासनीस उत्कर्षा बिराजदार आणि तिचे सिद्धेश्वरमामा बसले होते. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. भाचीचं डोकं आणि मामांची भूक, दोन्ही सोलापुरात प्रसिद्ध.

"चोर ठाऊक आहे तर पोलिसांत जा की."

"संगप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त हाय. पोलिसात कसा देऊ?" म्हातारबा खुर्चीत टेकत म्हणाले.

प्रकरण असं होतं. उदयसिंहांनी आयुष्यात उंदीरसुद्धा मारला नव्हता, पण शिकारीचे जुने चाकू जमवण्याचा नाद जबर. चाकू घडीचेच हवेत, पातं दुमडून मुठीत जाणारे. त्यातला एक विलायती त्यांचा जीव की प्राण. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि ते पितळ जुनेपणानं काळंकुट्ट पडलेलं.

"काळं?" मामांनी तोंड वाकडं केलं.

"अहो, ते काळेपण म्हंजे त्याचं वय! ते पुसलं तर चाकूत राहिलं काय?"

परवा संध्याकाळी संगप्पा वळसंगहून आला. दोघांनी चाकू बघितले, गप्पा मारल्या, तो मुक्कामाला राहिला. काल खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. पहाटे संगप्पा न सांगताच निघून गेला, आणि पूजेसाठी उदयसिंहांनी कपाट उघडलं तर काळा चाकू गायब! कुलूप शाबूत. किल्ली नेहमीसारखी देवघरातल्या खुंटीवर.

"तवाच फोन लावला. चोर म्हणालो त्याला. उद्या सोनं द्यायला माझ्या दारात पाय ठेवू नको म्हणालो."

"घरात हे माहीत आहे?"

"छे! बायको त्याला भाऊ मानती. चाकू गेला एवढंच सांगितलंय. पुराव्याबिगर बोललो तर मलाच घराभाईर काढंल."

उत्कर्षानं संगप्पांना फोन लावला. पलीकडून ट्रॅक्टरच्या गॅरेजातली ठोकाठोक ऐकू येत होती.

"चाकू तुम्ही घेतलात का?"

"न्हाई."

"मग पहाटे न सांगता का निघालात?"

"माझ्या गॅरेजात बी पूजा असती की."

"कुणावर संशय?"

"मला काय बी बोलायचं न्हाई, ताई. तेवढं वहिनीला काय विचारत बसू नका. सणाचा दिस हाय." फोन बंद.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मामा म्हणाले.

"मामा, तो माणूस बोंबललाच कुठं?" उत्कर्षा पर्स उचलून उठली.

विजापूर रोडवरच्या घरात पुरणाचा वास दरवळत होता. देवघरासमोर पाटावर कालची पूजा तशीच मांडलेली होती. पुजलेल्या हत्यारांना पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही, ही या घराची रीत. विळी, कात्री, कोयता, उदयसिंहांचे दुमडलेले चाकू ओळीनं, आणि विळीशेजारी एक उघडं, लखलखीत पातं. त्याच्या मुठीवर झेंडूचा ढीग. फुलांखालून सोन्यासारखं पिवळं पितळ डोकावत होतं.

"ते?" उत्कर्षानं लांबूनच बोट दाखवलं.

"सैपाकघरातली सुरी असंल," उदयसिंह कपाटाकडे वळत म्हणाले. "बायकोनं मांडलं, मी सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. माझा जीव कुटं होता थाऱ्यावर?"

सून अंकिता पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आली. "खरं सांगू? एक गेला, बरं झालं. घरात रांगतं मूल आणि हे चाकू! पण मी घेतला असता तर सगळेच घेतले असते. एकच कशाला?"

"बरोबर आहे," उत्कर्षा हसली.

उदयसिंहांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी आग्रह करून ताट वाढलं. बाईंचा चेहरा उतरलेला होता, हात मात्र भराभर चालले होते.

"काकू, चाकूंना तुम्ही हात लावता का?"

"मी? अगं, मला चाकूनं कांदा बी चिरता येत न्हाई. ह्या घरात चिरणं-सोलणं समदं विळीवर. सुरी म्हणून एक आणलेली न्हाई मी."

मामांनी आमटीचा भुरका मारला आणि थबकले. "पोळी फस्कलास! आमटीला मात्र आंबटपणा न्हाई."

"चिंचच संपली की ओ," अंकिता म्हणाली. "सणासाठी परवाच बरणी भरून ठेवली होती. काल सकाळी बघते तर तळ दिसतोय."

शकुंतलाबाईंच्या हातातली पळी पातेल्यात पडली.

उत्कर्षानं शांतपणे हात धुतले. "काका, चाकू सापडला. चोरी झालीच नाही."

"आँ?" मामांचा घास हातातच राहिला.

"घरात सुरी नाही, हे काकूच म्हणाल्या. मग पूजेत सुरी आली कुठून? एका रात्रीत बरणीभर चिंच गेली, पण आमटीत गेली नाही. मग गेली कुठं? मामा, आपल्याकडं काळं पितळ बायका कशानं घासतात?"

"चिंचेनं की!" मामा म्हणाले, आणि पाटाकडे बघतच राहिले.

"काका, काल तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला कुंकू लावलंत. तुम्ही काळा चाकू शोधत होता. तो पिवळा झालाय."

उदयसिंहांनी फुलं बाजूला केली. खाली शिसवी मूठ होती.

"देवापुढं काळंबेरं कसं ठेवायचं, म्हणून पहाटे घासला," शकुंतलाबाई रडत म्हणाल्या. "चमकला तवा किती बरं वाटलं मला! तेवढ्यात भावजी उठून आले आणि म्हणाले, वहिनी, काय केलंत हे! मी त्यांच्या पाया पडले, ह्यांना सांगू नका म्हणाले. पुजेबिगर तरी कसा ठेवायचा? मिटता येईना, म्हणून उघडाच फुलात झाकला."

"म्हणूनच ते न सांगता निघाले," उत्कर्षा म्हणाली. "थांबले असते तर खोटं बोलावं लागलं असतं. आज फोनवर चोर ठरत होते, तरी त्यांना काळजी तुमचीच."

"चोर?" शकुंतलाबाईंचं रडं खाडकन थांबलं. "भावजींना चोर कोण म्हणालं?"

उदयसिंह पाटावरची फुलं पुन्हा नीट लावायला लागले.

"तुमी? अवं, त्या मुडद्या चाकूपायी देवमाणसाला चोर म्हणालात? उठा! आदी गाडी काढा!"

वळसंगच्या गॅरेजात संगप्पा ट्रॅक्टरला झेंडूचं तोरण बांधत होता. उदयसिंह त्याच्यासमोर उभे राहिले. शकुंतलाबाईच पुढं झाल्या. "भावजी, मी सांगितलं समदं."

"संग्या, तू बोलला का न्हाईस रं?" उदयसिंह कसेबसे म्हणाले. "मी तुला चोर म्हणालो!"

"म्हणालास की. लई लागलं. जेवण गेलं न्हाई काल." संगप्पानं तोरणाची गाठ मारली आणि हात पुसले. "पण मला चोर म्हणालास तरी आज ना उद्या तुझं डोकं थंड झालं असतं, मी परत आलो असतो. वहिनीला कायबाय बोलला असतास, तर मी तुझ्या घरात पाऊल ठेवलं नसतं."

उदयसिंहांनी त्याला घट्ट मिठी मारली आणि भर गॅरेजात, गिऱ्हाइकांदेखत, मोठ्यानं रडले.